फॉर्मवर ‘नाही’ लिहू का?

पत्राचा गोषवारा

सांगलीतल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ४३, पतसंस्थेत अधिकारी. यजमानांची तासगावच्या बाजूला द्राक्षबाग, घरात सासूबाई आणि नववीतली मुलगी. मे २०२१ मध्ये वडील कोविडनं गेले. या स्वतः वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिल्या, शेवटचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही. स्मशानात एकटा भाऊ गेला. २०२३ पासून मिरजेतल्या मानसोपचारतज्ज्ञांची नैराश्यावरची गोळी चालू आहे, एस्सिटालोप्राम. झोप लागते, कामं उरकतात, ‘पण रडूच येत नाही. आत काही हलतच नाही,’ असं त्या लिहितात.

अमेरिकेतल्या आतेबहिणीनं डिसेंबरात पेरू देशात, इकितोसजवळच्या जंगलात, आयावास्का नावाचा, दृश्यं दाखवणारा काढा देणाऱ्या ९ दिवसांच्या शिबिरात दोघींची नावं घातली आहेत. निम्मे पैसे भरून झाले. बहीण आधी जाऊन आलेली आहे, तिला फार गुण आला. ‘आपल्या पंचकर्मातल्या वमनासारखंच असतं, सगळं नैसर्गिक,’ असं तिचं म्हणणं. गोळी दोन आठवडे आधी सोड आणि शिबिराच्या फॉर्मवर ‘कोणतंही औषध चालू नाही’ असं लिही, हाही सल्ला तिचाच. घरी मात्र ‘बहिणीबरोबर माचू पिचू बघायला चाललेय’ एवढंच सांगितलंय. खरं कळलं तर यजमान नाही म्हणतील. प्रश्न असे: पथ्य घरात कुणाच्या लक्षात न येता कसं पाळू? परतल्यावर तिसऱ्या दिवशी कामावर रुजू व्हायचंय, जमेल ना? की वाईकडच्या एका फार्महाऊसवर शनिवार-रविवारात हेच देतात म्हणे, ते सोयीचं पडेल? आणि अगदी शेवटी: ‘मला एकदा बाबांना भेटायचंय, बस.’

उत्तर

ताई,

उत्तर लांबणार आहे, पण एक गोष्ट थांबण्यासारखी नाही, ती आधी. गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनानं सोडू नका. सोडली असेल तर आजच मिरजेला फोन करा आणि ‘अमुक तारखेपासून घेतलेली नाही’ असं सरळ सांगा. डॉक्टर रागावतील, रागावू देत.

आता कारण. आयावास्का हा दोन वनस्पतींचा काढा. एक जाडजूड वेल, बॅनिस्टेरिऑप्सिस कापी नावाची, आणि दुसरी चाक्रुना नावाच्या झुडपाची पानं. दोन्ही तासन्‌तास उकळतात. ज्या द्रव्यामुळे दृश्यं दिसतात ते डीएमटी, आणि ते पानांत असतं. पण नुसती पानं उकळून प्यायली तर काहीच होत नाही, कारण आपल्या आतड्यातलं आणि यकृतातलं मोनोअमाईन ऑक्सिडेझ नावाचं विकर (एन्झाइम) ते रक्तात पोचण्याआधीच मोडून टाकतं. वेलीतली हार्मिन, हार्मलिन ही द्रव्यं त्या विकराला काही तास गप्प बसवतात. हे ज्या लोकांनी जंगलात शोधून काढलं त्यांच्या बुद्धीचं कौतुकच करायला हवं. तुमची अडचण अशी की हेच विकर शरीरातलं सेरोटोनिन नावाचं, मनःस्थितीशी संबंध असलेलं द्रव्यही मोडतं, आणि तुमची गोळी तेच सेरोटोनिन पेशींत परत शोषलं जाऊ देत नाही. शोषणंही बंद, मोडणंही बंद, म्हणजे ते साचत जाणार. मग थरथर, घाम, छातीत धडधड, ताप, स्नायू ताठरणं, बेचैनी, जुलाब. प्रमाण वाढलं तर जीवावर बेततं. आणि उलट्या, घाम, थरथर ही काढ्याचीही नेहमीची लक्षणं असल्यामुळे अंधारात शेजारी बसलेल्या माणसाला काहीतरी बिघडतंय हे उशिरा कळतं.

बहिणीचा ‘दोन आठवडे’ हा आकडा हवेतला नाही. अशा दोन औषधांमध्ये साधारण तेवढं अंतर ठेवायला सांगतातच. पण ते मोजायचं शेवटच्या गोळीपासून, आणि शेवटच्या गोळीपर्यंत पोचायचं ते डोस हळूहळू उतरवत, बऱ्याचदा कित्येक आठवडे घेऊन. दोन वर्षांहून अधिक काळ चाललेली गोळी एका सोमवारी बंद केली की चक्कर येते, झोप उडते, चिडचिड होते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. शिवाय मूळ आजार परत डोकं वर काढू शकतो, आणि तो नेमका परदेशात, जंगलात काढेल. (इतर वाचकांसाठी: तुमची गोळी फ्लुओक्सेटिन असेल तर तिचा अंश शरीरात आणखी रेंगाळतो, तिथं पाच आठवडे किंवा जास्तच अंतर लागतं. लिथियम चालू असेल किंवा बायपोलर आजार, स्किझोफ्रेनिया, अपस्मार, हृदयविकार, न आवरणारा रक्तदाब, गरोदरपण यांपैकी काही असेल, तर हा विषय तुमच्यासाठी इथेच संपला असं समजा.)

त्यामुळे शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, लिहू नका. तो फॉर्म म्हणजे सोसायटीच्या कर्जाचा अर्ज नव्हे, की एक रकाना इकडचा तिकडे झाला तरी मंजुरी मिळते. रात्री दोन वाजता तुम्ही शुद्धीत नसाल तेव्हा तिथल्या माणसांपाशी तुमच्याबद्दल त्या कागदाखेरीज दुसरं काही नसणार. इकितोसला तर बाहेरून गाडीरस्ताच नाही, विमानानं जायचं नाहीतर नदीतून. तिथून पुढे शिबिराची जागा बहुधा बोटीनं. आणि खरं लिहिल्यावर ते नाही म्हणाले, तर त्यांनी त्यांचं काम चोख केलं. उलट तुमची गोळी वाचूनही ‘काही होत नाही, या’ म्हणणारं केंद्र असेल, तर तिथून पैसे सोडून परत या.

पत्र मी पुन्हा वाचलं. तुम्ही कुणाकुणापासून काय लपवताय याची यादी करून बघा. डॉक्टरांपासून पेरू, शिबिरापासून गोळी, यजमानांपासून दोन्ही, सासूबाईंपासून पथ्य आणि ऑफिसपासून थकवा. या सगळ्यात त्या वेलीइतकंच, कदाचित जास्तच, मला या लपवाछपवीचं भय वाटतं. कारण तयारी म्हणून जे जे करायचं असतं ते लपवून होत नाही, आणि परतल्यावर सावरायला जी माणसं लागतात त्यांना आपण कुठून परत आलोय हे ठाऊक असावं लागतं.

आता रडू न येण्याबद्दल. तुम्ही असं धरून चाललाय की आत काहीतरी गोठलंय आणि ते फोडायला मोठा घाव हवा. असेलही. पण एस्सिटालोप्रामच्या गटातल्या गोळ्यांनी काही जणांच्या भावनाच बोथट होतात. दुःखाची धार जाते आणि तिच्याबरोबर रडू, हसू, गाणं ऐकताना अंगावर येणारा काटा, हेही जातं. हा माहीत असलेला परिणाम आहे आणि त्यावर डोस कमी करणं, गोळी बदलणं असे उपाय आहेत. नैराश्यही माणसाला असंच कोरडं करून सोडतं, त्यामुळे दोन्हीतलं काय हे तपासणारेच सांगतील. तुम्ही हे डॉक्टरांना सांगितलंय का? पत्रावरून वाटतं, नाही. आपल्याकडे फेरतपासणी म्हणजे बाहेर दीड तास आणि आत पाच मिनिटं. ‘झोप लागते का?’ ‘हो.’ ‘जेवण?’ ‘ठीक.’ ‘मग हेच चालू ठेवा.’ पुढच्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या आधी तुम्ही बोला: ‘डॉक्टर, मला कित्येक वर्षांत रडू आलेलं नाही आणि मी त्यासाठी पेरूला जायच्या विचारात आहे.’ हे वाक्य ऐकून पाच मिनिटांत तुम्हाला उठवणारा डॉक्टर विरळा.

आणि बाबा. तिथे गेलेल्यांपैकी काहींना गेलेलं माणूस दिसतं, बोलतं, हे खोटं नाही. काहींना साप दिसतात, काहींना स्वतःचं मरण, काहींना सगळी रात्र नुसती मळमळ. काय दिसावं हे आपल्या हातात नसतं, आणि पाजणाऱ्याच्याही नसतं. गोल, गवतानं शाकारलेली मोठी झोपडी, तिला मलोका म्हणतात. भिंतीकडेनं गाद्या, प्रत्येकीपुढे ओकायला एक बादली. दिवा विझवतात. काढा दाट, कडू, तुरट. वीस मिनिटांपासून तासाभरात चढतो आणि चार ते सहा तास राहतो. अंधारात वैदू ‘इकारो’ गात असतात, मापाचो नावाच्या उग्र तंबाखूचा धूर सोडतात. एवढ्या सगळ्यात तुम्ही ‘बाबा येणार’ म्हणून वाट बघत बसलात आणि ते आले नाहीत, तर २०२१ चं दार दुसऱ्यांदा बंद झाल्यासारखं वाटेल. त्या निराशेची तयारी तुमच्या पत्रात कुठेच नाही.

उपयोग होतच नाही असं मी म्हणणार नाही. ब्राझीलमध्ये नाताल शहरातल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात झालेली आणि २०१९ मध्ये छापून आलेली एक चाचणी आहे. दोन किंवा अधिक औषधांनी न हटलेलं नैराश्य असलेले २९ जण. १४ जणांना आयावास्का, १५ जणांना तसाच कडू-आंबट, पोट ढवळून काढणारा बनावट काढा. आठवड्यानं पाहिलं तर आयावास्काच्या गटात साधारण ६४ टक्क्यांना बराच फरक, बनावट काढ्याच्या गटात २७ टक्क्यांना. आकडे आशादायक आहेत, चाचणी मात्र लहान आणि मोजमाप आठवड्यापुरतं. त्या लोकांच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवल्या होत्या, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद असलेल्यांना घेतलंच नव्हतं आणि सगळं रुग्णालयात चाललं होतं. बहीण सांगते तो गुण आणि हा गुण एकच असेल, पण रस्ता वेगळा आहे. तिचा अनुभव खराच असणार. तिच्या अंगात तुमची गोळी नव्हती, एवढंच.

‘घरात कुणाला’ हा भाग मात्र तुम्ही मनावर घ्या. आपल्या घरांत अशा आजारांना नावं नसतात. चुलते ‘थोडे विरक्त होते’, आत्याला ‘बाहेरचं झालं होतं’, थोरल्या मामांना काही महिने नरसोबाच्या वाडीला नेऊन ठेवलं होतं. तुमच्या आईला किंवा जुन्या कुणाला एका दुपारी बसवून विचारा की तेव्हा नेमकं काय होत होतं. झोपत नव्हते का? कुणाचे आवाज ऐकू यायचे का? कुणाचा तरी संशय घ्यायचे का? उत्तर ‘हो’ आलं तर हा काढा तुमच्यासाठी नाही. एका रात्रीसाठी ते दार उघडून बघण्याजोगं नसतं, कधीकधी बंद होत नाही.

‘नैसर्गिक’ या शब्दावर सांगलीकराला मी काय सांगणार? बांधावरचा धोतराही नैसर्गिकच. योगायोग असा की ॲमेझॉनमधले काही जण काढ्यात ‘तोए’ नावाची वनस्पती घालतात, ती आपल्या धोतऱ्याच्याच कुळातली, स्कोपोलामिन असलेली. तिनं जास्त भ्रम होतो, शुद्ध हरपते. म्हणून केंद्राला विचारायचा पहिला प्रश्न हा की भांड्यात काय काय घालता.

आणि ‘पारंपरिक’ म्हणाल तर, पेरूनं २००८ मध्ये आयावास्काच्या पारंपरिक वापराला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा ठरवलं, तिथल्या शिपिबो आदिवासींचं त्यातलं ज्ञान मोठं आहे, याबद्दल आदरच. पण तिथल्या अनेक समाजांत पूर्वी काढा वैदू स्वतः घ्यायचा, रोग्याचं दुखणं शोधायला. रोगी घेईलच असं नसायचं. वीस परदेशी पाहुणे ओळीनं बसून पितात, ही रीत पर्यटकांबरोबर वाढली. वाईट आहे असं नाही, फक्त ती आजी-आजोबांच्या काळापासून पारखून आलीय असं समजू नका.

वमनाचं साम्य मात्र मला आवडलं, कारण ते बहिणीच्या मुद्द्याच्या उलट जातं. वैद्य थेट वमन देत नाहीत. आधी स्नेहन, स्वेदन हे पूर्वकर्म. नंतर संसर्जन क्रम, म्हणजे पेजेपासून सुरू करून शुद्धी किती झाली त्या हिशोबानं तीन ते सात दिवसांत नेहमीच्या जेवणावर यायचं. ओकणं हा मधला, सगळ्यात छोटा भाग. तुम्ही मधला भाग तेवढा पेरूत ठेवलाय आणि मागचा-पुढचा दोन्ही छाटून टाकलाय. तिसऱ्या दिवशी ऑफिस!

वाईच्या फार्महाऊसचं थोडक्यात. डीएमटी आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे तिथं जाणं म्हणजे गुन्ह्याच्या जागी जाणं. त्याहून वाईट म्हणजे बाटलीत काय आहे ते कुणी तपासलेलं नसतं, आणि काही झालंच तर पोलिसांच्या भीतीनं १०८ ला फोन करायला कुणी धजत नाही. पेरूत ते कायदेशीर आहे, पण तिथून आठवण म्हणून छोटी बाटली बॅगेत टाकलीत तर मुंबई विमानतळावर हाच कायदा उभा असेल. फार्महाऊस डोक्यातून काढून टाका.

यजमान ‘नाही म्हणतील’ हे तुम्ही ठरवलंय, त्यांनी नाही. तुम्ही त्यांना काय विचारणार यावर उत्तर अवलंबून आहे. ‘मी जंगलात जाऊन नशेचा काढा पिणार’ असं सांगितलंत तर कुणीही नाहीच म्हणेल. त्याऐवजी सुरुवात इथून करा: ‘बाबा गेल्यापासून मला रडू येत नाही. मला भीती वाटते की असंच राहील.’ तुम्ही हे त्यांना कधी बोलला आहात का? बागायतदार माणूस आहे. औषध मारल्यावर किती दिवस द्राक्ष तोडायची नाहीत, कोणत्या औषधात कोणतं मिसळायचं नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. गोळी आणि काढ्याचं गणित त्यांना तुमच्या बहिणीपेक्षा लवकर कळेल. शक्य असेल तर डॉक्टरांकडे जाताना त्यांना बरोबर घ्या. ऐन डिसेंबरात बाग सोडून ते पेरूला येऊ शकणार नाहीत, पण निदान रात्री-अपरात्री फोन आला तर ‘काय, कुठे, कशानं’ हे माहीत असलेला एक माणूस सांगलीत असेल. आज तसा एकही नाही.

मग डिसेंबर? माझं मत: या डिसेंबरात जाऊ नका. डोस उतरवायला वेळ लागेल, त्यानंतर गोळीशिवाय तुम्ही कशा राहता हे बघायला दोन-तीन महिने तरी हवेत. डॉक्टर ‘गोळी थांबवणं योग्य नाही’ म्हणाले तर तेही स्वीकारा, दुसऱ्या एका तज्ज्ञाचं मत हवं तर जरूर घ्या. गोळी उतरवताना जुनं दुखणं परत आलं, तर उत्तर मिळालं असं समजा. एक अर्धवट वाटही आहे: गोळी चालू ठेवून बहिणीबरोबर नुसतं फिरायला जाणं, खरोखरच माचू पिचू बघणं, काढा न घेता. पण तिथे पोचल्यावर ‘एवढं आलोच आहोत तर’ म्हणायला बहीण शेजारी असणार, तेव्हा स्वतःला ओळखून काय ते ठरवा.

समजा पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या संमतीनं जायचं ठरलं. मग पथ्य. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, विकर गप्प बसलेलं असताना रक्तदाब वाढवू शकणारे पदार्थ: जुनं मुरवलेलं चीज, सोया सॉस, बिअर-वाईन, आंबवून खूप दिवस ठेवलेलं काहीही. आपल्या घरात यातलं फारसं नसतंच. मुरलेलं लोणचं आणि शिळंपाकं टाळा, ताजं खा. दुसरी, तिथल्या लोकांची स्वतःची व्रतस्थ रीत: मीठ, साखर, तिखट, तेल, डुकराचं मांस, दारू, शरीरसंबंध बंद. ही वनस्पतीचा मान राखण्यासाठी. सासूबाईंना अळणी जेवणाचं नवल वाटणार नाही, त्यांनी असली व्रतं तुमच्या-माझ्याहून जास्त केली असतील. मुगाचं वरण, भात, दुधी, भाकरी, झालं. मात्र ‘मी अमुक देवाचं व्रत धरलंय’ असं सांगून त्यांना फसवू नका, पुढे त्या उद्यापनाची तारीख विचारतील. ‘तिकडच्या उपचाराचं पथ्य आहे’ म्हणा, पुरे.

अन्नापेक्षा औषधांच्या दुकानातल्या गोष्टी महत्त्वाच्या. डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या, ट्रामाडॉल असलेली वेदनाशामकं, हे सगळं त्या काढ्याबरोबर धोक्याचं. आपण यातलं बरंचसं चिठ्ठीशिवाय घेतो म्हणून ते ‘औषध’ वाटतच नाही. विमानात सर्दी झाली की पर्समधली गोळी तोंडात जाते. पर्स रिकामी करून जा.

पेरूच्या जंगलभागासाठी पीतज्वराची लस घ्यावी लागते, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, आणि ती ठरावीक सरकारी मान्यतेच्या केंद्रांतच मिळते. प्रमाणपत्र नसेल तर परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणजे पत्रातली ‘तिसऱ्या दिवशी रुजू’ची योजना विमानतळावरच संपली असती! मलेरियासाठी गोळ्या लिहून घेताना नैराश्याचा इतिहास आवर्जून सांगा. मेफ्लोक्विन हे त्यातलं एक औषध अशा लोकांना देत नाहीत. प्रवास विम्याची अटींची पानंही वाचा. नशेच्या पदार्थामुळे झालेलं दुखणं बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत.

स्त्री म्हणून आणखी थोडं. अशा शिबिरांत अर्धवट शुद्धीतल्या बायकांशी गैरवर्तन झाल्याची प्रकरणं उघडकीला आली आहेत. रात्री मदतीला बाई असते का, तुम्ही आणि बहीण शेजारी-शेजारी असाल का, हे आधी लेखी विचारा. ‘खास उपचार’ म्हणून एकटीला बोलावलं, कपडे काढायला सांगितलं, तर परंपरा वगैरे काही नाही, उठून बाहेर या. आणि पाळीच्या दिवसांत बसू देत नाहीत असे वैदू तिथेही आहेत. सातासमुद्रापार गेलं तरी हे सुटत नाही! तारखांचा हिशोब करून जा, पण पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या परस्पर घेऊ नका.

परत आल्यानंतरचे दिवस. पेरू आपल्या साडेदहा तास मागे आहे, म्हणजे दिवसाची रात्र होते. झोप उलटी झालेली, पोट हलकं आणि मन सालं काढल्यासारखं. या अवस्थेत कॅश मोजायला बसू नका. दहा दिवसांची रजा तरी जोडून घ्या. पहिले दोन-तीन आठवडे दारू, इतर कोणतीही नशा आणि मोठे निर्णय नकोत. राजीनामा, घटस्फोट, जमिनीची वाटणी, भावाशी जुना हिशोब, हे सगळं त्या दिवसांत लख्ख सत्य वाटतं. वहीत लिहून ठेवा आणि महिन्यानं वाचा. गोळी पुन्हा कधी, किती, हे डॉक्टर ठरवतील. परतीचं तिकीट काढाल त्याच दिवशी त्यांची वेळही घेऊन ठेवा. बोलायला समुपदेशक आधीच गाठलेला असावा. सांगली-मिरजेत ते अवघड नाही, आणि हे माणूस जाण्याआधी दोन-तीनदा भेटलेलं हवं, म्हणजे परतल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

यजमानांना काही खुणा सांगून ठेवा. झोप तीन तासांवर आली तरी उत्साह उतू जातोय, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जातायत, ‘मला एका कामासाठी निवडलंय’ असं वाटतंय. किंवा उलट, भास होतायत, भीतीनं खोलीबाहेर पडवत नाही, जगणं नको झालंय. अशा वेळी ‘काढ्याचा परिणाम आहे, उतरेल’ म्हणून थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. रात्रीची वेळ असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

हे सगळं पुढच्या वर्षाचं झालं. या आठवड्यात करण्यासारखं एक काम आहे, आणि ते पेरूत होणार नाही. तुमच्या पत्रात भाऊ एका वाक्यात येऊन जातो: ‘स्मशानात एकटा भाऊ गेला.’ त्या दिवशी तिथे काय झालं, हे तुम्ही त्याला कधी विचारलंत का? कुणी उचललं, अंगावर काय होतं, किती वेळ थांबू दिलं, त्यानं काय पाहिलं. तुम्हाला पाहायला मिळालं नाही, त्याला एकट्याला पाहावं लागलं. त्यालाही बहुधा कुणी विचारलेलं नाही. हरिपूरला संगमावर जा किंवा त्याच्या घरी गच्चीवर बसा, पण मुलांना, फोनला बाजूला ठेवून विचारा. रडू येईलच असं मी सांगत नाही. बाबांबद्दल जे तुम्हाला माहीत नाही ते माहीत असलेलं एकच माणूस या जगात आहे, आणि ते तुमच्या गावात राहतं.

बहिणीला आजच कळवा, तिचे पैसे अडकलेत. ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडणार नाही आणि फॉर्मवर खोटं लिहिणार नाही, त्यामुळे डिसेंबर जमणार नाही’ इतकं पुरेसं आहे. तुमची जागा पुढच्या तुकडीत सरकवता येते का, की भरलेली रक्कम परत मिळते, हे केंद्राला ईमेलनं विचारायला सांगा आणि उत्तर लेखी घ्या. ती चिडली तर तिला हे उत्तर वाचायला द्या. गोळीवर असलेली आणखी कुणी मैत्रीण तिनं तयार केलेली असेल, तर ते तिनंही वाचलेलं बरं.